दहा गुरुवार

जानेवारीतल्या दुसऱ्या गुरुवारी, संध्याकाळी आठच्या सुमाराला, माझा ब्रश थांबला. मी थांबवला नाही, तो थांबला, असं मी पुढे तीन दिवस स्वतःला सांगत होते. पण ब्रशला काही स्वतःचे हातपाय नसतात. मर्नाने सामन्यातला शेवटचा दगड सोडला होता. वीस किलोचा गुळगुळीत ग्रॅनाइट. तो बर्फावरून घसरत चाळीस मीटर लांबच्या रंगीत वर्तुळांत, म्हणजे आम्ही ज्याला घर म्हणतो तिथे, पोचवायचं काम हेडीचं आणि माझं. दगडाला शिवायचं नाही, त्याच्या पुढचा बर्फ घासत पळायचं, एवढंच. घासलं की तो थकत नाही, चार-सहा फूट जास्त जातो. या खेळाला कर्लिंग म्हणतात आणि तेवीस वर्षं मी हेच करत आले आहे. स्वतःचे दोन दगड सोडते तेव्हा माझं मन त्यात फारसं नसतं. दुसऱ्याचा दगड पोचवण्यात मला खरी गंमत वाटते. तर त्या दिवशी घरात उभी असलेली ग्वेन जिवाच्या आकांताने ओरडत होती, घासा, घासा, आणि निम्म्या वाटेवर माझ्या छातीत हवाच शिरेना. पोटऱ्या लोण्याच्या झाल्या. मी सरळ उभी राहिले. सहासष्ट वर्षांची हेडी एकटीच वाकून पुढे गेली आणि दगड घराच्या अलीकडे वीतभर थांबला.

हरलो. त्याचं काही नाही, आम्ही वर्षातून निम्म्या वेळा हरतो. पण कुणी काही बोललं नाही, हे भयंकर होतं. आमच्या क्लबात कुणी चुकलं की तिची यथेच्छ सालं काढतात. पंधरा वर्षांपूर्वी मर्ना पाय घसरून बर्फावर फतकल मारून बसली होती, त्या जागेला अजून मर्नाची खुर्ची म्हणतात. मर्ना आमची कप्तान, शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली, जिभेला हाड नसलेली बाई. तिने त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर मला विचारलं, ल्युबा, तुला सूप आणू का गरम? मर्ना माझ्याशी गोड बोलली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. पुढचं तिने बूट बदलताना सांगितलं, माझ्याकडे न बघता, नाडीशी बोलावं तसं. टेगन नावाची एक मुलगी ब्रँडनहून इकडे राहायला आली आहे, चौतिशीची, चांगली घासते, संघ शोधते आहे. पुढच्या हंगामाची नावं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात द्यायची असतात. तू पाचवी राहिलीस तर कसं? म्हणजे कुणी आजारी पडलं की तू यायचं. मी आत्ताच म्हणत नाही, तोवर बघू. मी म्हटलं, बघू ना, आणि जिना उतरले. गाडीत बसून काच तापायची वाट बघताना मी बोटांवर मोजलं. दहा गुरुवार होते.

पाचवी म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे. पाचवी म्हणजे फोनची वाट बघणारी. दुसऱ्याला सर्दी होवो अशी मनातल्या मनात इच्छा धरणारी. संघाच्या फोटोत कडेला, सगळ्यांपेक्षा थोडी जास्त हसणारी. बाहेर उणे एकतीस होतं, नाकपुड्या आतून चिकटत होत्या, आणि मी त्या थंडीतही घामेजले होते. मला अठ्ठावन्न वर्षं झाली, हे मला माहीत होतं, केकवर लिहिलेलं असतं. पण ते अंगाला कधी लागलं नव्हतं. आता लागलं. मी एवढी दमते कधीपासून, हे आठवायला गेले तर सुरुवातच सापडेना. मागच्या उन्हाळ्यात? मुलगी व्हँकूव्हरला गेली तेव्हा? की बदलीनंतर, जेव्हापासून मी दिवसभर कानाला फोन लावून बसते? दमणं कुठून आत येतं, कळत नाही. एक दिवस बघावं तर ते कोट काढून घरातल्यासारखं बसलेलं असतं, आणि आपणच त्याला चहा विचारत असतो.

सोमवारी डॉक्टरकडे गेले. रक्त देऊन आले आणि शुक्रवारी निकाल ऐकायला पुन्हा गेले. खरं सांगायचं तर मला लोह कमी असावं अशी फार इच्छा होती. किंवा थायरॉइड. नाव असलेलं काहीतरी, जे मर्नाला सांगता येईल, ज्यावर गोळी असते. डॉक्टर बॅसेट हा मोज्यांवर केळी छापलेला आनंदी माणूस. त्याने कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाला, सगळं उत्तम आहे. माझं पित्त खवळलं. उत्तम असेल तर मी अशी का, म्हटलं. तेव्हा त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, नेहमीसारखा एखादा दिवस सांगा, परवाचाच घ्या, उठल्यापासून. मी सांगायला लागले. घड्याळाचा गजर तीनदा पुढे ढकलला. न्याहारी नाही, खिडकीतून कॉफी देणारं दुकान वाटेवर आहे, तिथे मोठी कॉफी, दोन क्रीम, दोन साखर, गाडीतच प्यायले. गाडी तळघरात लावली, लिफ्टने वर गेले. शहराच्या मदत-फोनवर माझी नोकरी. आमची गल्ली कधी साफ होणार, नळ गोठला, शेजाऱ्याचं कुत्रं भुंकतं, हे आठ तास ऐकलं. जेवण तिथेच, कीबोर्डवर. चार वाजता डोळे मिटायला लागले म्हणून खणातला चॉकलेटचा बार, मग आणखी एक कॉफी. घरी आले, बोहदानने पिझ्झा मागवला होता, आठ वाजता टीव्हीसमोर खाल्ला. मग अंथरुणात पडून फोनवर अनोळखी बायकांची स्वयंपाकघरं बघितली, कपाटं कुठल्या रंगाची केली ते, साडेबारापर्यंत. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. दुसऱ्या कुणी फोनवर असा दिवस सांगितला असता तर मीच तिला म्हटलं असतं, बाई, आपण कोणत्या विभागाशी बोलू इच्छिता?

तो हसला नाही, रागावलाही नाही. एवढंच म्हणाला, "या सगळ्यात तुम्ही उभ्या कधी असता?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "गुरुवारी," म्हटलं.

त्याने एक कागद दिला. झोपेची वेळ, पाणी, न्याहारी, चालणं, दुपारनंतर कॉफी नको, फोनकडे बघत झोपू नका. मला तोंडात मारल्यासारखं झालं. हे तर दवाखान्याबाहेरच्या भिंतीवर चिकटवलेलं असतं, मांजर शोधून देणाराला बक्षीस आणि पियानो शिकवणी यांच्या मधे. एवढ्यासाठी मी रक्त दिलं होतं? त्याने बजावलं की एका वेळी एकच करा, ते अंगवळणी पडलं की दुसरं. मी मान डोलावली. पण दहा गुरुवारांतला एक निघून गेला होता आणि त्याला काय कळणार, त्याला कुणी पाचवा करत नव्हतं. मी त्याच संध्याकाळी सगळंच्या सगळं एकदम सुरू केलं.

ते दोन आठवडे बोहदान कधीही विसरणार नाही. बोहदान माझा नवरा, रेल्वेच्या यार्डातून निवृत्त, सोफ्यावर आडवा झाला की तोंडावर परमसुख. मी कॉफी तोडली आणि तिसऱ्या दिवशी डोकं असं धरलं की उजेड सहन होईना. दिवसाला आठ ग्लास पाणी, त्यामुळे फोनवर माणूस आपल्या फुटलेल्या नळाची करुण कहाणी सांगतो आहे आणि मी पाय एकमेकांवर दाबून बसलेली. रात्री नऊला दिवा बंद. झोप येत नाही म्हणून अंधारात डोळे टक्क उघडे, शेजारी हा माणूस घोरतोय. आणि हेडी. मी चूक केली, तिला सांगितलं. हेडी स्टाइनबाखची, मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या घरातली, पहाटे पाचला उठून जवस आणि ओट्सची लापशी खाणारी, आयुष्यात एकदाही लिफ्ट न वापरलेली. तिला माझ्यासारखं सावज आयतं मिळालं. रोज सकाळी कामावर जाताना दाराबाहेर बरणी ठेवून जायची, आत हिरवं काहीतरी. केल, सेलरी आणि तिसरं काय ते मी विचारलं नाही. बरणीवर चिठ्ठी, पूर्ण संपव. तिसऱ्या गुरुवारी मी अशा अवस्थेत बर्फावर गेले की चौथ्या डावात मला मळमळायला लागलं आणि मी स्वतःच ग्वेनला म्हटलं, माझ्या जागी तू घास. मर्ना पुन्हा गोड बोलली. घरी आल्यावर बोहदानने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, तू बरी होतेयस की आजारी पडतेयस, ते एकदा ठरव, म्हणजे मला त्याप्रमाणे वागता येईल. मी रडले आणि मग हसले. दुसऱ्या दिवशी बरणी सिंकमध्ये ओतली, सकाळची एक कॉफी परत आणली, आणि कागदावरच्या दोनच गोष्टी ठेवल्या. एक, सकाळी टेबलाशी बसून काहीतरी खायचं. दोन, दुपारी चालायचं.

चालायला आमच्याकडे पूल आहेत. विनिपेगच्या मध्यावरच्या इमारती एकमेकींना काचेच्या बंद पुलांनी जोडलेल्या, रस्त्याच्या वरून, म्हणजे हिवाळ्यात कोट न घालता अर्धं शहर फिरता येतं. तिथे दुपारी बाराला मी निघायचे. पहिले काही दिवस मला लाज वाटली; काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसायचं, एक रुंद बाई, हाताच्या मुठी वळून, कुठेतरी उशीर झाल्यासारखी. खाली गाड्यांच्या धुराचे पांढरे गोळे. कोपऱ्यावरचा न्हावी, मग बँक, मग ग्रंथालय, मग परत. कुठल्या तरी एका पुलावर, चौथ्या-पाचव्या दिवशी, मला माझ्या पावलांचा आवाज ओळखीचा वाटला. टाच आधी, थोडा घासून, मग चवडा. हे माझं चालणं नव्हतं, बाबांचं होतं. बाबा टपाल वाटायचे. नॉर्थ एंडमध्ये सेल्कर्क ॲव्हेन्यूच्या आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्या, सगळे जिने, सगळी कुत्री त्यांच्या ओळखीची. दोन वाजता घरी यायचे, ओल्या लोकरीचा आणि चामड्याच्या पिशवीचा वास घेऊन. बीटचं सूप, काळ्या पावाचे दोन जाड तुकडे, वर लसूण घासलेला. मग काय करायचे, तर स्वयंपाकघरात लिनोलियमवर सरळ आडवे व्हायचे, तोंडावर वर्तमानपत्र टाकून, आणि बरोबर वीस मिनिटं झोपायचे. आई त्यांच्यावरून पाय टाकून भांडी लावायची. मला त्याची इतकी लाज वाटायची की मी मैत्रिणींना दोन ते अडीच घरात येऊ द्यायचे नाही. इतरांचे बाबा सोफ्यावर झोपत, आमचे जमिनीवर, बूट काढून ठेवल्यासारखे. मी नऊ वर्षांची असेन, एकदा त्यांना रागाने विचारलं, बाबा, तुम्ही दमता का हो एवढे? ते उठून बसले, गालावर बातम्यांची शाई उमटली होती, म्हणाले, दमतो की. म्हणून तर झोपतो. मला ते उत्तर मूर्खपणाचं वाटलं होतं. पुलावर उभी राहून मी ते उत्तर चांगलं दोन मिनिटं मनात घोळवलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी गेली कित्येक वर्षं दमते आणि कॉफी पिते, दमते आणि चॉकलेट खाते, दमते आणि लोकांची कपाटं बघते. दमते म्हणून झोपले, असं मी एकदाही केलं नव्हतं.

म्हणून मग ती भानगड झाली. आमच्या ऑफिसात जेवणाच्या खोलीमागे एक लहान खोली आहे, तिथे जुन्या खुर्च्या ठेवतात. एका बुधवारी मी चालून आले, सूप प्यायले, आणि पंधरा मिनिटं हाताशी होती, तर आत गेले, दार लोटलं, जमिनीवर आडवी झाले आणि वर्तमानपत्र तोंडावर घेतलं. गालिच्याला धुळीचा आणि सांडलेल्या कॉफीचा वास. पाठीचा एकेक मणका जमिनीला टेकला तसा एकेक सुटत गेला. कागदातून उजेड पिवळा येत होता, शाईचा वास येत होता, आणि मी इतक्या सुखाने, इतकी खोल कुठेतरी गेले की पुढचं एकदम आवाजातच ऐकू आलं. रोवेना किंचाळली होती. रोवेना माझ्या शेजारच्या टेबलावरची, मनिलाहून आलेली, मला ताई म्हणते, त्यांच्याकडे वयाने मोठीला तसंच म्हणतात. ती खुर्ची न्यायला आली आणि तिला दिसले फक्त माझे पाय, आणि तोंड झाकलेलं. तोंड कुणाचं झाकतात? मी डोळे उघडले तेव्हा माझ्याभोवती सहा माणसं, रोवेना गुडघ्यावर, एका हातात हृदयाला झटका द्यायचं यंत्र, दुसऱ्या हाताने माझ्या ब्लाउजचं बटण काढते आहे आणि यंत्रातून एक बाई शांत आवाजात सांगते आहे की रुग्णापासून दूर व्हा. मी म्हटलं, रोवेना, मी झोपले होते. रोवेना म्हणाली, ताई, बोलू नका, दम लागेल. शेवटी साहेब आले आणि त्यांनी गंभीरपणे विचारलं की हे रोज होणार आहे का. मी म्हटलं, हो, साडेबारा ते पावणेएक. त्यांनी दारावर कागद लावला, आत माणूस झोपलेलं आहे, जिवंत आहे. पुढच्या आठवड्यात रोवेनाच माझ्या शेजारी आडवी व्हायला लागली, घरून योगाची चटई घेऊन.

असं एकेक येत गेलं. मी आणत नव्हते, ते मागून येत होतं. दुपारी पडलं की चार वाजता खण उघडायची आठवण होत नसे. खाल्लं नाही की सहा वाजता खरी भूक लागे. सहाला जेवलं की दहाला डोळे आपोआप मिटत. फोन मी रात्री स्वयंपाकघरात ठेवायला लागले. एका रात्री खिडकी बोटभर उघडी टाकली, उणे अठ्ठावीसला. बोहदान लोकरीची टोपी कानांवरून ओढून अंथरुणात शिरला आणि म्हणाला, लग्नाच्या वेळी पाद्र्याने आजारपण, गरिबी सगळं विचारलं होतं, हे विचारलं नव्हतं. पण सकाळी तो माझ्याआधी उठला आणि अंडी केली, चार, आपली दोन आणि माझी दोन. त्याचं ते शेगडीपुढे टोपी घालून उभं राहणं बघून मला तो फार आवडला. किती दिवसांनी मी त्याच्याकडे सकाळी नीट बघत होते.

आणि मग एके दिवशी मला कळलं. कळलं कसं, तर एका म्हाताऱ्याने फोनवर किती वाजले विचारलं आणि मी घड्याळ बघून म्हटलं, चार चाळीस. चार वाजून गेले होते आणि मला पत्ताच नव्हता. ते डोळ्यांमागचं जड, ते शब्द लांबून ऐकू येणं, रोज दाराशी येऊन उभं राहणारं, आलंच नव्हतं. मी फोन ठेवला. खांदे हलवून बघितले. शरीर आहे हे जाणवत नव्हतं, इतकं ते बरं होतं. मला भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू. वाटलं, बोलले तर जाईल. त्या आठवड्यात, म्हणजे सातव्या गुरुवारी, मी आठही डाव घासले. आठव्या गुरुवारी हेडी मधेच माझ्याकडे बघून म्हणाली, हळू. हेडी, मला. नवव्या गुरुवारी काचेमागे टेगन आली होती सामना बघायला. तिच्यात वाईट काढायला काही सापडेना. केस छान, स्वभाव छान, माझ्यासाठी दार धरून उभी राहिली. मला ती मुळीच आवडली नाही. मर्ना तिच्याशी काहीतरी बोलत होती आणि दोघी बर्फाकडे बोट दाखवत होत्या, आणि मी मनाने परत त्या जानेवारीतल्या गाडीत बसले होते, घामेजलेली. अंगात दम आला होता, पण तो मर्नाला दिसला होता की नाही, कोण जाणे. विचारायची माझी छाती नव्हती. आणि आमच्यात असं कुणी विचारतही नाही.

दहावा गुरुवार. समोर यव्हॉनचा संघ, सेंट बोनिफेसच्या सगळ्या, आपापसात फ्रेंचमध्ये कुजबुजणाऱ्या, नियमाला पक्क्या. सात डाव झाले तेव्हा बरोबरी होती. आठव्यात यव्हॉनचा एक दगड घराच्या मध्यापासून हातभर अंतरावर बसलेला, आणि शेवटचा दगड आमचा. तिच्या दगडापेक्षा आत जाऊन थांबायचं, एवढंच. मर्नाने सोडला आणि सोडल्याबरोबर तिचं तोंड उतरलं, कारण हात हलका पडला होता. ग्वेन ओरडली, मर्ना मागून ओरडली, आणि मी आणि हेडी वाकलो. ते अंतर मी अजून डोळे मिटून चालू शकते. ब्रशखाली बर्फाची साय निघत होती, खांद्यात ऊब, श्वास पोटाच्या तळातून येतोय आणि पुरतोय, पुरून उरतोय. निम्मी वाट गेली आणि मी वाकलेलीच होते. हेडी धापा टाकत होती, मी नाही. घराची पहिली रेघ आली, दुसरी आली, दगड जीव धरून सरकत होता आणि मी त्याला आणखी थोडं, आणखी थोडं असं जवळजवळ मांडीवर घेऊन चालले होते. आणि तेवढ्यात मनगटात टिक झालं. अगदी बारीक. ब्रशची कड दगडाला लागली होती. दगड पुढे सरकला आणि थांबला, यव्हॉनच्या दगडाच्या आत, दोन बोटं. ग्वेनने दोन्ही हात वर केले. पलीकडून मर्ना धावत येत होती, सत्तरीची बाई बर्फावर धावत होती.

आमच्या खेळात पंच नसतो. दगडाला ब्रश लागला तर ज्याचा लागला त्याने सांगायचं. कुणी बघितलं का, हे विचारायचं नसतं. कुणी बघितलं नव्हतं. हेडीची मान खाली होती, ग्वेन रेघा बघत होती, यव्हॉनच्या आणि दगडाच्या मधे माझीच पाठ. मला तीन सेकंद मिळाले असतील. त्या तीन सेकंदांत मला मर्नाचा आनंदी चेहरा दिसला आणि काचेमागची टेगन दिसली, आणि दहा आठवडे सगळे दिसले, ती बरणी, ते पूल, तो धुळीचा गालिचा, आणि मला फार वाईट वाटलं. दम नव्हता तेव्हा मी संघाला हरवलं होतं. आता दम जास्त झाला म्हणून हरवणार होते. मी ब्रश उचलला.

"लागला," मी म्हटलं. "माझा लागला."

ग्वेनचे हात तसेच वर राहिले. घरात लागला तर काय करायचं ते समोरच्या कप्तानाने ठरवायचं असतं. राहू दे म्हणता येतं, काढा म्हणता येतं. यव्हॉन उकिडवी बसली, दगडाकडे बघितलं, मग मला विचारलं किती लागला. मी म्हटलं, थोडा, पण त्यानेच तो आत गेला असावा. ती म्हणाली, मग काढा. बरोबर होतं तिचं, मीही तेच म्हटलं असतं. दगड मीच पायाने बाजूला केला. मग रीतीप्रमाणे आठही जणींनी एकमेकींशी हात मिळवले. मर्नाने माझा हात धरला, सोडला आणि जिना चढायला लागली.

वर जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पेय द्यायचं आणि एकाच टेबलाशी बसायचं, हा आमचा रिवाज, त्यामुळे तोंड लपवून घरी पळता येत नाही. मर्नासमोर नावांचा कागद पडला होता, चार रेघा कोऱ्या, आणि मर्ना पेनाचं टोपण लावत होती, काढत होती. शेजारच्या टेबलाशी टेगन. मी पाणी मागितलं. मला वाटत होतं, लिही एकदाची, मी काही मरत नाही. यव्हॉन सगळ्यांचे ग्लास घेऊन आली आणि माझ्याच शेजारी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, माझी घासणारी केलोनाला चालली आहे, कायमची. आज तुला बघितलं. असं घासून वर स्वतःच्या तोंडाने सांगणारी बाई मला हवी आहे. ऑक्टोबरपासून येतेस का आमच्यात?

मी ग्लास खाली ठेवण्याआधीच मर्नाचं टोपण टेबलावर आपटलं.

"यव्हॉन, दगड नेलास तेवढा पुरे," मर्ना म्हणाली. "ही आमची आहे."

यव्हॉन म्हणाली की तिला विचारू तरी दे. मर्ना म्हणाली, तिला काय विचारायचं, ती काहीही खरं सांगून बसते. हेडीने मागे वळून टेगनला बखोटीला धरून उठवलं आणि यव्हॉनपुढे उभी केली, ही घे, ही तरुण आहे, लिफ्ट वापरते पण सुधारेल. टेगन लाजली आणि हसली, आणि त्या क्षणापासून मला ती बरी वाटायला लागली. तोवर मर्नाने कागद ओढला होता आणि दुसऱ्या रेघेवर, पेन रुतवून, माझं नाव लिहीत होती, आडनावासकट, वर्गात लिहीत असेल तसं ठळक. मी उलट्या बाजूने एकेक अक्षर वाचत होते. मला रडू फुटलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, आठ बायकांच्या मधोमध, हुंदके देऊन रडत होते आणि ते थांबवायची मला जराही इच्छा नव्हती. कुणीतरी पाठीवर हात फिरवला, ग्वेन असावी.

मर्नाने कागद माझ्यापासून लांब सरकवला. "रडायचं तेवढं रड," ती म्हणाली, "पण जरा तिकडे वळून. शाई ओली आहे."